काचेतल्या सरड्याचं घर

हुबळी-धारवाडच्या घरांत पूर्वी काचेची पेटी असायची ती माशांची. अलीकडे काही घरांत त्या पेटीत पाणी नसतं. खाली कागद किंवा फरशी असते, मध्ये एक वाळकं लाकूड असतं, आणि त्यावर डोळे अर्धवट मिटून बसलेला हातभर लांब सरडा असतो. मुलं त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. त्याच्या गळ्याखाली काटेरी कातडी असते. घाबरला किंवा चिडला की तो ती फुगवतो, मग ती काळी पडते आणि दाढीसारखी दिसते. म्हणून हे नाव. मूळचा हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. १९२६ साली अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याला ‘पोगोना व्हिटिसेप्स’ म्हणतात.

आपल्या समाजातल्या बायका या सरड्याबद्दल दोन प्रश्न विचारतात. पहिला असा, की जैनाच्या घरी हे चालतं का? दुसरा असा, की मुलाने आणलाच आहे, तर आता त्याला नीट ठेवायचं कसं? पहिला प्रश्न मंदिरात विचारतात आणि दुसरा सुताराला. मला मात्र हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मुक्या जिवाला चार भिंतींत ठेवायचं तर त्या भिंती कशा असाव्यात, याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार आधीपासून केलेला आहे. पुढे दूरच्या लंडनमध्ये एका बाईने तोच विचार काच, वीज आणि ऊन घेऊन पूर्ण केला. आणि त्याची एक कडी आपल्या धारवाडातही आहे.

सुरुवात आपल्या कथेपासून करू. नेमिनाथांची वरात निघालेली असते. वाटेत एका वाड्यात कोंडलेली जनावरं त्यांना दिसतात. ती ओरडत असतात. ही का कोंडली आहेत, असं ते सारथ्याला विचारतात. लग्नाच्या जेवणासाठी, असं उत्तर मिळतं. नेमिनाथ तिथूनच रथ वळवतात आणि गिरनारची वाट धरतात. राजुल मागे राहते, आणि पुढे तीही त्याच वाटेने जाते. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकताना आपलं सगळं लक्ष राजुलकडे असतं. कथेत कुंपण आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर एकही जनावर मारलेलं नव्हतं. नेमिनाथांना दिसलं ते कोंडलेपण. सगळी कथा तिथून फिरते.

हेच कोंडलेपण शास्त्राने नाव देऊन सांगितलं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण हे पाठ केलेले असतात. पण थांबून पाहिलं तर लक्षात येईल, की हे पाचही दोष घरातल्या जनावराशी आपण कसं वागतो याबद्दलचे आहेत. बांधणं, मारणं, कान-नाक कापणं, न पेलणारं ओझं लादणं, आणि खाण्यापिण्यात अडथळा आणणं. गोठा ज्या घरी होता त्या घरासाठीच जणू ही यादी केलेली आहे.

कर्नाटकाच्या भूमीतले थोर आचार्य पूज्यपाद यांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत बंधाचा अर्थ फार नेमका लावला आहे. जिवाला जिथे जावंसं वाटतं तिथे जाण्यापासून जे अडवतं, तो बंध. या व्याख्येत दोरी नाही, साखळी नाही, पिंजराही नाही. आहे ती फक्त त्या जिवाची इच्छा आणि तिला पडलेली आड. दोरी मऊ असली, पिंजरा चांदीचा असला, तरी बंध तो बंधच.

पण घर चालवणाऱ्या माणसाला गाय लागते, बैल लागतो. मग श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी त्यातून वाट काढली. शक्यतो न बांधता राहील असंच जनावर ठेवावं. बांधावंच लागलं तर गाठ सैल असावी, म्हणजे आग लागली तर त्याला सुटता येईल. आगीचा विचार करून ठेवलेली ही गाठ मला मोठी वाटते. दोर बांधणाऱ्याने बांधलेल्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्याशिवाय तशी गाठ पडत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळण्यालाही दोष दिला. त्याला ‘असतीपोषण’ म्हणतात. म्हणजे प्राणी पाळण्याच्या हौसेबद्दल आपली परंपरा कधीच निर्धास्त नव्हती.

तरीही आपल्याच लोकांनी पिंजरे बांधले, आणि तेही मोठमोठे. ‘पांजरपोळ’ या गुजरातेतून आलेल्या नावातच पिंजरा आहे. हा पिंजरा हौसेचा नव्हता, आश्रयाचा होता. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंबायतला आला. तिथे त्याने पाखरांचा दवाखाना पाहिला आणि आश्चर्याने त्याबद्दल लिहून ठेवलं. १६८९ साली सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्यानेही गाई, घोडे, बकऱ्या, कुत्रे यांच्यासाठी चालवलेल्या अशाच जागेची हकीकत दिली आहे. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. त्यात पारशी, वैष्णव, जैन असे सगळेच होते. गुजरातेत काही पांजरपोळींना ‘जीवातखान’ म्हणजे किड्यामुंग्यांची खोलीही असायची. निवडलेल्या धान्यातले किडे धान्यासकट तिथे नेऊन ठेवायचे. परदेशी लोकांना त्याचं हसू यायचं. आपल्या सासवा धान्य निवडताना अळी बोटाने अलगद उचलून बाजूला ठेवायच्या, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हसू येणार नाही.

पण पांजरपोळीत एक अडचण कायम राहिली. मांस खाणाऱ्या जिवाचं काय करायचं? दिल्लीच्या लाल मंदिरातला पक्ष्यांचा दवाखाना १९२९ साली सुरू झाला, आणि १९५७ पासून तो मंदिराच्या आवारात आहे. तिथे कबुतरं, पोपट, चिमण्या यांना भरती करून घेतात. घार, ससाणा आले तर औषधपाणी करतात, पण ठेवून घेत नाहीत. ठेवून घेतलं तर खायला काय घालणार? हा नियम मला प्रामाणिक वाटतो. घारीला डाळ-तांदूळ घालून तिला अहिंसक केल्याचं समाधान कुणी मिरवत नाही. आपल्याला जे देता येणार नाही, ते देण्याचं सोंग तिथे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे सरड्यापाशी ती पुन्हा लागणार आहे.

आता सरपटणाऱ्या जिवांकडे वळू. आपल्याकडे त्यांना देवळात जागा होती, घरात नव्हती. पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणा आहे. जळत्या ओंडक्यातल्या नागयुगुलाची कथा तर लहान मुलालाही ठाऊक असते, आणि त्या धरणेंद्र-पद्मावतीसाठी आपण इथून हुंबजला जातो. घोरपडीला आपल्या भागात इतिहासच आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यात अशी आख्यायिका सांगतात, की बहमनी काळात त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून खेळणा किल्ल्याचा, म्हणजे आजच्या विशाळगडाचा, कडा चढून जाण्याची वाट केली, आणि त्यावरून आडनाव पडलं. आख्यायिका खरी धरा किंवा धरू नका, पण तिच्यातही बंध आहे आणि अतिभारारोपण आहे. कुंपणावर मान हलवणारा सरडा, ज्याला इथे कन्नडमध्ये ‘ओतिक्यात’ म्हणतात, त्याच्या वाट्याला फक्त पोरांचे दगड आले. त्याच्यासाठी घर बांधावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि ते बरंच झालं.

ती कल्पना युरोपातून आली. १८२९च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी एका बंद बाटलीत ओली माती आणि पतंगाचा कोष ठेवला होता. त्या मातीत नेचं उगवलं आणि धुराने काळवंडलेल्या लंडनमध्ये हिरवं राहिलं. त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. त्यांतून चहाची, सिंकोनाची रोपं समुद्रापार गेली. पुढे त्याच काचेत लोकांनी बेडूक आणि सरडे ठेवले. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेगळं घर उघडलं. जगातलं तशा प्रकारचं ते पहिलं. लोकांची गर्दी झाली. पण गरम देशांतून आणलेले जीव थंड देशातल्या बंद घरात ठेवले की कुढत आणि मरत. ऊब दिली तरी काही तरी कमी पडत होतं. काय कमी पडतं ते कुणाला समजत नव्हतं.

त्याचं उत्तर सरड्यांकडून आलं नाही, लहान मुलांकडून आणि बायकांकडून आलं. म्हणून हा भाग मी जरा सविस्तर सांगते.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यासमोर बसवलं. त्या दिव्यातून अतिनील किरण निघत. मुलांची मऊ पडलेली हाडं घट्ट झाली. म्हणजे हाडांना नुसतं अन्न पुरत नाही, ऊन लागतं. पुढे १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांनी आपल्या नाशिक भागातला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते धक्कादायक होतं. हाडं मऊ पडण्याचा रोग खाऊनपिऊन सुखी घरांतल्या, पण पडद्यात राहणाऱ्या बायकांत आणि त्यांच्या लेकरांत होता. त्यांच्यापेक्षा हलकं अन्न खाणाऱ्या, पण दिवसभर उन्हात राबणाऱ्या बायका त्यातून वाचत होत्या. दूधतूप होतं, दागिने होते, भिंती जाड होत्या. ऊन तेवढं नव्हतं. त्या बायकांना कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. जिथे जावंसं वाटतं तिथे, म्हणजे साध्या अंगणात, जाता येत नव्हतं एवढंच. पूज्यपादांची बंधाची व्याख्या हाडांवर लिहिलेली वाचायची असेल तर ती इथे आहे.

साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडांना लागणारे ते किरण येत नाहीत. खिडकीपाशी, काचेआड ठेवलेला सरडा उन्हात बसल्यासारखा दिसतो, आणि त्याची हाडं मात्र पडद्यातच असतात.

हे ओळखून ज्या बाईने घर बांधलं तिचं नाव जोन प्रॉक्टर. जन्म १८९७, लंडन. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने गांजलेली. सरडे आणि साप पाळायची, एकदा तर लहान मगर घेऊन शाळेत गेली होती. प्रकृतीमुळे केंब्रिजला शिकायला जाणं राहून गेलं. पदवी नाही, तरी ब्रिटिश म्युझियममध्ये बूलेंजर या नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली १९१६ पासून तिने काम सुरू केलं. तिथे बसून ती शोधनिबंध लिहीत असे. ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याला १९२३ साली तिनेच शास्त्रीय नाव दिलं. तो आपल्या दाढीवाल्याच्याच कुळातला. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख केलं.

१९२७ साली तिच्या आराखड्यावरून नवं घर उभं राहिलं. इमारतीचे वास्तुकार गाय डॉबर होते, पण आत काय असावं ते जोनने ठरवलं. सगळ्या घराला एकच ऊब न देता तिने प्रत्येक खणाला विजेने वेगळी ऊब दिली, आणि खणातसुद्धा कुठे जास्त, कुठे कमी. वर त्या काळी नव्याने निघालेली, अतिनील किरण आत सोडणारी ‘व्हिटा ग्लास’ बसवली. पाहणाऱ्यांच्या बाजूला अंधार आणि प्राण्यांच्या बाजूला उजेड ठेवला, म्हणजे काचेवर माणसांची प्रतिबिंबं पडत नाहीत. त्याच वर्षी कोमोडो बेटांकडच्या दोन महाकाय घोरपडी तिथे आल्या. नरभक्षक म्हणून त्यांची ख्याती होती. जोन त्यांतल्या एकीला हाताने खाऊ घालायची, बरोबर घेऊन फिरायची. १९२८ साली तिने ती शास्त्रज्ञांच्या सभेत सगळ्यांसमोर आणली. १९३१ साली शिकागो विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली, आणि त्याच वर्षी ती गेली. वय चौतीस.

जोनने केलं काय, ते गृहिणीच्या भाषेत सांगते. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. त्याची चूल बाहेर असते. खाल्लेलं पचवायचं तर तापलेल्या दगडावर जाऊन बसायचं, अंग फार तापलं की सावलीत सरकायचं. दिवसभर त्याचं हेच चालतं. म्हणजे सरड्याला जिथे जावंसं वाटतं ती जागा दूर रानातच असते असं नाही, कित्येकदा ती हातभर पलीकडचं ऊन असते. सगळीकडे सारखंच गरम असलेल्या पेटीत त्याला कुठेच जाता येत नाही, ती पेटी खोलीएवढी असली तरी. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली असेल, तर आपलं आपण ठरवण्याची थोडी जागा त्याच्याकडे उरते. जोनने तत्त्वार्थसूत्र वाचलेलं नव्हतं. पण सैल गाठ बांधणाऱ्या श्रावकाने जे केलं, तेच तिने विजेच्या तारांनी केलं.

आता धारवाडची कडी. आपल्या कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात गेली कित्येक वर्षं सरड्यावर काम झालेलं आहे, आणि तेही याच कुंपणावरच्या ओतिक्यातावर. तो आणि ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला एकाच कुळातले. प्रा. सैदापूर, प्रा. भाग्यश्री शानभाग आणि राजकुमार रड्डेर यांनी दाखवलं, की अंडी घालण्याजोगी परिस्थिती नसली तर ओतिक्याताची मादी अंडी पोटातच रोखून धरते. १९९८ मध्ये त्यांनी बंदिस्त ठेवलेल्या माद्यांबद्दल लिहिलं, की अंड्यातली वाढ एका ठराविक टप्प्यावर येऊन थांबते. अंगाचं तापमान उतरलं की ही थांबण्याची क्रिया होते, हे २००३ मध्ये मांडलं. पुढे २०१२ साली याच विभागातल्या लक्ष्मी इनामदार-दोड्डमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की अंड्यांना मिळणारी ऊब जशी चढत जाते तशी आधी मादी, मग नर, पुन्हा मादी आणि पुन्हा नर निपजतात. दाढीवाल्या सरड्यातही ३२ अंशांच्या वर उबवलेल्या अंड्यांतून काही नर मादी होऊन जन्मतात, असं ऑस्ट्रेलियात २००७ साली आढळलं होतं.

माती मिळाली नाही म्हणून पोटातलं मूल थांबवून धरणारी ती मादी माझ्या मनातून जात नाही. सरड्याला काय कळतं, असं आपण सहज म्हणतो. घर नीट नाही हे त्याच्या अंगाला कळतं.

तर मग मुलाने आणलेल्या सरड्याचं घर कसं करावं? आता सुताराकडे जाऊ. मोठा सरडा शेपटीसकट दीड ते दोन फूट होतो, म्हणून पेटी निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एकाच पेटीत दोन सरडे ठेवू नयेत, ते भांडतात. प्लायवूडची पेटी आणि पुढे सरकत्या काचा बऱ्या पडतात. वरून झाकण उघडून हात घातला की त्याला घारीने झडप घातल्यासारखं वाटतं, म्हणून दार समोरून असावं. दोन्ही बाजूंना हवेची भोकं हवीत. आपल्याकडे, विशेषतः धारवाडच्या पावसात, हवा दमट होते आणि हा जीव कोरड्या मुलखातला. पेटीत ओल धरू देऊ नये.

उबेचा दिवा एकाच टोकाला लावावा. त्याखालच्या लाकडावर सुमारे ४० अंश आणि दुसऱ्या टोकाला २५च्या आसपास, असा फरक असावा. दोन्ही टोकांना तापमापक हवेत, अंदाजावर सोडू नये. दिव्याला जाळी हवी, म्हणजे अंग भाजत नाही. एप्रिल-मेमध्ये हुबळीची हवाच इतकी तापते की दिवा कमी करावा लागतो. अतिनील किरणांची नळी वेगळी घ्यावी लागते. सरड्यांसाठीच्या अशा नळ्या १९९०च्या दशकापासून मिळू लागल्या, आणि खरं तर त्यानंतरच हा प्राणी घराघरांत तगू लागला. नळी आणि सरडा यांच्यामध्ये काच येऊ देऊ नये. नळी पेटत असली तरी तिचे किरण हळूहळू मंदावतात, म्हणून सहा महिने ते वर्षाने ती बदलावी. दिवसा बारा-चौदा तास उजेड, रात्री सगळं बंद. पिल्लू असेल तर खाली वाळू घालू नये, ती पोटात जाऊन अडकते. कागद किंवा खरखरीत फरशी पुरे.

इतकं झालं की बंध जेवढा सैल होऊ शकतो तेवढा झाला. पण पाचवा अतिचार अजून बाकी आहे, अन्नपाननिरोध. आणि आपली खरी परीक्षा इथे आहे.

मोठा झाल्यावर हा सरडा बराचसा पाला खातो. शेवग्याचा पाला, भोपळा, जास्वंदीची फुलं त्याला चालतात. पालक टाळावा, त्याने अंगातलं कॅल्शियम अडतं. एवढं ऐकून आपल्यातल्या काही जणी म्हणतात, मग झालंच की, शाकाहारावर ठेवू. तसं होत नाही. पिल्लू असताना त्याचं बहुतेक अन्न किडेच असतात, आणि मोठेपणीही ते लागतात. बाजारात जिवंत नाकतोडे आणि अळ्या डब्यातून मिळतात. नाकतोडा चतुरिंद्रिय, सरडा पंचेंद्रिय. एका जिवासाठी रोज दुसरे जीव त्याच्यापुढे सोडायचे, आणि तेही ज्या हातांनी तांदळातली अळी बाजूला ठेवली त्याच हातांनी. नाही सोडले तर सरडा आतून झिजतो. पांजरपोळीची जुनी अडचण ती हीच. दिल्लीच्या दवाखान्याने ती जशी सोडवली तशी प्रत्येक घराने आधीच सोडवायला हवी. जे देता येणार नाही त्यासाठी कुणाला ठेवून घेऊ नये.

कायदाही पाहायला हवा. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदणी करणं सक्तीचं झालं आहे. म्हणून विकत घेण्याआधीच वनखात्याकडे चौकशी करावी. ऑस्ट्रेलिया स्वतःचे जिवंत सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. बाजारात येतात ते पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले. म्हणजे घरात आलेला सरडा परत रानात सोडावा म्हटलं तर त्याला रान नाही. उणकलच्या तळ्याकाठी नेऊन सोडला तर तो उपासाने नाही तर कावळ्यांच्या चोचीने मरेल, आणि जगलाच तर इथल्या जिवांना त्रास. सोडून देणं म्हणजे अभयदान, असं इथे म्हणता येत नाही. तो दहा-बारा वर्षं जगतो. मुलगा बारावी होऊन बेंगळूरला गेला की दिव्याचं बटण आणि नाकतोड्यांचा डबा कुणाच्या हाती येणार, ते सगळ्या आयांना माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. अजून आणला नसेल तर आणू नये. मुलाला सरड्याचं वेड असेल तर त्याला सकाळी कुंपणापाशी उभं करावं. तिथे ओतिक्यात तापलेल्या दगडावर येतो, मान हलवतो, गळा लाल करतो, आणि त्याला जिथे जायचं असतं तिथे जातो. त्याच्यावर जगभर वाचली जाणारी माहिती याच गावात जमवली गेली आहे, हेही त्या मुलाला सांगावं. आणि आणलेला असेल, तर मंदिरात जाऊन प्रायश्चित्त विचारण्याआधी सुताराला बोलवावं, पेटी मोठी करावी, नळी बदलावी. तो काय खातो ते स्पष्ट डोळ्यांनी पाहावं आणि त्याला ते द्यावं. ज्या घराला ते देववत नाही त्या घराने ते देऊ शकणारं दुसरं जबाबदार घर शोधावं. त्यात कमीपणा काही नाही. आग लागली तर सुटता यावं म्हणून ज्यांनी गाठ सैल ठेवायला सांगितलं, ते आपलेच पूर्वज होते. गाठ आपल्या हाताने पडलेली आहे, ती किती सैल करता येते तेही आपल्याच हातात आहे.